हद्दीपलीकडचे मोजमाप : नेटवर्क स्लाइस आणि सीमाभाग

कागल आणि निपाणी यांच्या दरम्यान दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र संपून कर्नाटक सुरू होते, आणि तेथेच रस्त्यावरच्या कोणत्याही फलकावर न दिसणारी आणखी एक हद्दही बदलते. भारतात मोबाइल सेवेसाठी लागणाऱ्या रेडिओलहरींचे वाटप संपूर्ण देशासाठी एकत्र होत नाही, तर २२ विभागांनुसार होते. सरकारी कागदपत्रांत त्यांना परवाना सेवा क्षेत्रे म्हणतात आणि रोजच्या व्यवहारात सर्कल. कोगनोळी, निपाणी, संकेश्वर आणि बेळगाव कर्नाटक सर्कलमध्ये येतात, तर कागल, गडहिंग्लज आणि चंदगड महाराष्ट्र सर्कलमध्ये. आणि मुंबई वगळून आखलेल्या या महाराष्ट्र सर्कलमध्येच गोव्याचाही समावेश असल्याने बेळगावहून चोर्ला घाटाने पणजीकडे जाणारा प्रवासीही, राज्य वेगळे असले तरी, दूरसंचाराच्या दृष्टीने त्याच शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतो. एकाच कंपनीचे जाळे दोन्हीकडे असले तरी त्याची तांत्रिक ओळख वेगळी ठेवली जाते. एअरटेलच्या कर्नाटकातील जाळ्याचा क्रमांक ४०४-४५ आहे आणि महाराष्ट्र-गोव्यातील जाळ्याचा ४०४-९०; पूल ओलांडणारा फोन खिशातल्या खिशात एका क्रमांकाचे जाळे सोडून दुसऱ्या क्रमांकाच्या जाळ्याशी जोडला जातो.

सीमाभागातील माणसाला ही हद्द फार पूर्वीच पदरचे पैसे मोजून कळली आहे. रोमिंगचा वेगळा आकार लागत असे त्या काळात पलीकडच्या राज्यातील टॉवरची रेंज अधिक जोरकस असली, तर घरात बसलेल्या माणसाचा फोनही तिकडे ओढला जाई आणि शेजारच्या गावाशी झालेले बोलणे परराज्यातले ठरे. ३ जुलै २०१५ पासून देशात कोठेही गेले तरी क्रमांक तोच ठेवण्याची सोय झाली, पुढे कंपन्यांच्या स्पर्धेत देशांतर्गत रोमिंगचा आकारही बहुतेक योजनांतून नाहीसा झाला, आणि सामान्य ग्राहकाच्या लेखी सर्कलची हद्द जवळजवळ पुसली गेली. यंत्रणेच्या लेखी मात्र ती आजही कायम आहे, आणि ५जी तंत्रज्ञानाबरोबर आलेल्या नेटवर्क स्लाइस या कल्पनेमुळे तिला नव्याने महत्त्व येणार आहे. स्लाइस म्हणजे ग्राहकाला दिलेले, आकड्यांत मोजता येणारे वचन असते. ते वचन अनेक मालकांच्या हद्दींतून जात असेल तर ते पाळले गेले की नाही हे कोणी ठरवायचे आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न सीमेवर सर्वांत आधी उभा राहतो.

नेटवर्क स्लाइस म्हणजे एकाच प्रत्यक्ष जाळ्यातून सॉफ्टवेअरच्या साहाय्याने वेगळे काढलेले आणि विशिष्ट गरजेप्रमाणे घडवलेले आभासी जाळे. टॉवर तेच, फायबर तीच, यंत्रेही तीच. पण त्यांच्या क्षमतेचा काही भाग एका कामासाठी राखून ठेवला जातो आणि त्या भागाला स्वतःचे नियम लावले जातात. मोबाइल कंपन्यांच्या एनजीएमएन या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत ही कल्पना ठळकपणे मांडली गेली, आणि जागतिक मानके ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेने ५जीच्या पहिल्याच मानकसंचात तिला स्थान दिले. त्या मानकानुसार प्रत्येक स्लाइसला एक ओळखक्रमांक असतो, त्याचा पहिला भाग स्लाइसचा प्रकार सांगतो आणि दुसरा भाग एकाच प्रकारच्या दोन स्लाइसमधील फरक. वेगवान इंटरनेटसाठी १, अत्यंत कमी विलंब आणि मोठी विश्वासार्हता लागणाऱ्या कामांसाठी २, मीटर किंवा सेन्सरसारख्या असंख्य छोट्या उपकरणांसाठी ३, वाहनांसाठी ४ असे काही प्रकार जगभर एकसारखे ठरलेले आहेत, आणि एक फोन एकाच वेळी जास्तीत जास्त आठ स्लाइस वापरू शकतो. भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. स्लाइसिंगसाठी ५जीचा स्वतंत्र गाभा, म्हणजे जुन्या ४जी यंत्रणेवर न टेकलेली मध्यवर्ती व्यवस्था, आवश्यक असते. जिओने आपले जाळे सुरुवातीपासून त्या पद्धतीने उभारले आणि घरोघरी बिनतारी इंटरनेट देणाऱ्या एअरफायबर सेवेसाठी स्लाइसिंगचा उपयोग केला.

हा सारा बदल शक्य झाला तो जाळे क्लाउडवर आल्यामुळे. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमधील प्रत्येक कामासाठी वेगळी पेटी असे आणि ती पेटी बनवणारी कंपनीच तिच्या आतले सॉफ्टवेअर देई. ऑक्टोबर २०१२ मध्ये जगातील प्रमुख दूरसंचार कंपन्यांनी एकत्र येऊन अशी भूमिका मांडली की ही कामे सर्वसाधारण सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपवावीत, आणि तेव्हापासून जाळ्याचा मोठा भाग डेटा सेंटरमधील व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर यांच्या रूपात चालू लागला; व्हर्च्युअल मशीन म्हणजे एका मोठ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने बनवलेला स्वतंत्र संगणक, आणि कंटेनर म्हणजे त्याहून हलका, काही सेकंदांत सुरू वा बंद करता येणारा कप्पा. परिणामी क्लाउड नेटवर्क स्लाइसमध्ये फक्त रेडिओलहरी आणि फायबरची क्षमता येत नाही, तर सर्व्हरच्या प्रोसेसरचा वेळ, मेमरी, साठवणुकीची जागा आणि दोन डेटा सेंटरांमधील वाहतूक हेही तिचे घटक होतात. या सगळ्यांना मिळून संसाधने म्हणतात, आणि ती कोणाच्या वाट्याला किती आली व किती वापरली गेली याची सतत नोंद ठेवणे म्हणजे देखरेख.

देखरेख अवघड होते ती या संसाधनांचे मालक अनेक असल्यामुळे. ज्या भागावर एकाच व्यवस्थापनाचा हुकूम चालतो त्याला तांत्रिक परिभाषेत डोमेन म्हणतात. या लेखात त्यासाठी हद्द हा शब्द वापरला आहे. एखादी स्लाइस टॉवर, फायबर, मध्यवर्ती गाभा आणि क्लाउड अशा निरनिराळ्या तांत्रिक हद्दींतून जाते, शिवाय कंपन्या, सर्कल आणि राज्ये यांच्या प्रशासकीय हद्दीही तिच्या वाटेत येतात. निपाणीतील एका साध्या टॉवरचे उदाहरण घेतले तरी हे स्पष्ट होते. लोखंडी मनोरा, बॅटऱ्या आणि डिझेल जनरेटर हे बहुधा टॉवर उभारणाऱ्या वेगळ्या कंपनीचे असतात आणि त्यावर दोन-तीन मोबाइल कंपन्यांचे अँटेना भाड्याने लावलेले असतात. वीज हुबळीच्या हेस्कॉम या कंपनीकडून येते, आणि तेथून काही किलोमीटरवर कागलकडील टॉवरला ती महावितरणकडून येते. जमिनीखालची फायबर कधी स्वतःची, कधी दुसऱ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेली असते. वीज गेल्यावर बॅटरी किती वेळ टिकली हे टॉवर कंपनीच्या नोंदीत असते, ग्राहकाचा संपर्क कधी तुटला हे मोबाइल कंपनीच्या नोंदीत, आणि वीज का गेली हे वीज कंपनीच्या. तिन्ही नोंदी आपापल्या जागी बरोबर असतात, पण त्या एकमेकींना जोडल्या जात नाहीत तोवर ग्राहकाच्या पदरात फक्त टोलवाटोलवी पडते.

स्लाइसच्या बाबतीत या टोलवाटोलवीची किंमत किती वाढते हे समजण्यासाठी चंदगड–बेळगाव रस्त्याचा विचार करता येईल. चंदगड तालुका कोल्हापूर जिल्ह्यात असला तरी तेथील लोकांना मोठ्या रुग्णालयासाठी कोल्हापूरपेक्षा बेळगाव कितीतरी जवळ पडते, आणि शिनोळीहून बाचीमार्गे रुग्णांना बेळगावला नेणे हा त्या भागातील नित्याचा व्यवहार आहे. अशा रुग्णवाहिकेतून रुग्णाच्या हृदयाचा आलेख आणि व्हिडिओ वाटेतच रुग्णालयाकडे पाठवण्यासाठी एक स्लाइस घेतली आहे असे गृहीत धरले, तर ती प्रथम महाराष्ट्र सर्कलच्या रेडिओलहरींवर चालेल, शिनोळी मागे पडताच कर्नाटक सर्कलच्या टॉवरकडे सोपवली जाईल, तिची माहिती मोबाइल कंपनीच्या डेटा सेंटरमधील गाभ्यातून जाईल, व्हिडिओवर प्रक्रिया करणारे सॉफ्टवेअर कदाचित मुंबईतील दुसऱ्याच कंपनीच्या क्लाउडवर चालत असेल, आणि शेवटचा टप्पा रुग्णालयाच्या स्वतःच्या अंतर्गत जाळ्याचा असेल. चित्र वीस सेकंद गोठले तर दोष कोणत्या टप्प्यात होता हे शोधण्यासाठी पाचही ठिकाणच्या, त्याच वीस सेकंदांच्या नोंदी समोर असाव्या लागतात. त्यातही एक बारकावा आहे : प्रमाणित प्रकारांचे क्रमांक सर्वत्र समान असले तरी कंपनीने स्वतः ठरवलेल्या स्लाइसचा क्रमांक दुसऱ्या जाळ्यात वेगळा असू शकतो, त्यामुळे अलीकडची अमुक स्लाइस म्हणजे पलीकडची तमुक स्लाइस अशी जुळणी करणारी नोंदच नसेल, तर दोन्ही बाजूंचे आकडे हाती असूनही ते एकाच सेवेचे आहेत हे कळणार नाही.

अंतराचाही येथे थेट संबंध येतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर वेगाने जातो, म्हणजे प्रत्येक किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. बेळगाव हे मुंबई आणि बंगळूर यांच्या साधारण मध्यावर, दोन्हीकडून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. तेव्हा बेळगावातून निघालेला संदेश कोणत्याही बाजूच्या डेटा सेंटरमध्ये जाऊन परत येण्यास, वाटेतील यंत्रांचा वेळ धरला नाही तरी, किमान ५ मिलिसेकंद लागणारच, आणि फायबर कधीच सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून अधिक. बेळगावच्या उद्यमबाग या औद्योगिक भागातील एखाद्या कारखान्याला यंत्रे नियंत्रित करण्यासाठी १ मिलिसेकंदाचा प्रतिसाद हवा असेल तर पैसे कितीही मोजले तरी तो मुंबईहून मिळणार नाही. त्यासाठी गणनेचे काम बेळगावातच, छोट्या स्थानिक डेटा सेंटरमध्ये करावे लागेल. अशा रीतीने मोठ्या क्लाउडच्या जोडीला स्थानिक क्लाउड येतो आणि देखरेखीच्या यादीत आणखी एका हद्दीची भर पडते.

सर्व हद्दींचे आकडे मिळाले तरी ते एकत्र कसे करायचे हा भाग सामान्यतः दुर्लक्षित राहतो. प्रत्येक मापाचा जोडण्याचा नियम वेगळा आहे. विलंब बेरजेने वाढतो : पाच टप्प्यांत प्रत्येकी ४ मिलिसेकंद लागले तर एकूण २० लागतात. वाहतुकीची क्षमता मात्र सर्वांत अरुंद टप्प्याएवढीच राहते, बाकीचे टप्पे कितीही रुंद असोत. उपलब्धता, म्हणजे सेवा चालू असण्याचे प्रमाण, गुणाकाराने घटते, आणि हा गुणाकार अंदाजापेक्षा कठोर आहे. पाच हद्दींपैकी प्रत्येकीने ९९.९ टक्के उपलब्धतेचे वचन दिले, तर तीस दिवसांच्या महिन्यात प्रत्येकीला सुमारे ४३ मिनिटे बंद राहण्याची मुभा मिळते; पण हे खंड वेगवेगळ्या वेळी पडले तर ग्राहकाच्या वाट्याला ९९.५ टक्के, म्हणजे महिन्याला सुमारे ३ तास ३६ मिनिटांची खंडित सेवा येते, आणि तरीही पाचही कंपन्यांपैकी कोणीही आपले वचन मोडलेले नसते. ग्राहकाची तक्रार खरी आणि प्रत्येक कंपनीचा खुलासाही खरा, अशी ही विचित्र स्थिती आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे वचन स्वतंत्रपणे लिहून ठेवून तेच मोजले गेले, तरच तिच्यातून मार्ग निघतो.

विलंबाची बेरीजही फक्त सरासरीची करता येते. शंभरातील नव्याण्णव संदेश किती वेळात पोहोचले असा आकडा कंपन्या देतात. असे पाच आकडे बेरजेला घेतले तर येणारे उत्तर खरे असेलच असे नाही, कारण प्रत्येक टप्प्यावर उशीर झालेले संदेश तेच होते की वेगवेगळे, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक हद्दीने केवळ निष्कर्षाचा एक आकडा न देता संदेशांच्या विलंबाची विभागणी, म्हणजे कोणत्या गटात किती संदेश पडले याचे कोष्टक द्यावे लागते.

सरासरीचा धोका आणखी एका ठिकाणी दिसतो. जाळ्यातील यंत्रांची विचारपूस करण्याची जुनी पद्धत १९८८ पासून चालत आलेल्या एसएनएमपी या नियमावलीवर आधारलेली असून तिच्यात देखरेख करणारा संगणक ठराविक काळाने, अनेक ठिकाणी दर पाच मिनिटांनी, प्रत्येक यंत्राला त्याची स्थिती विचारतो. समजा, एका सर्व्हरचा प्रोसेसर पाच मिनिटांपैकी दहा सेकंद पूर्ण शंभर टक्के व्यापलेला होता आणि उरलेले २९० सेकंद ३८ टक्के. या पाच मिनिटांची सरासरी सुमारे ४० टक्के येते आणि पडद्यावर हिरवा दिवा तसाच राहतो. ज्या दहा सेकंदांत रुग्णवाहिकेतील चित्र गोठले ते दहा सेकंद सरासरीत विरघळून गेलेले असतात. म्हणून अलीकडे यंत्रांनीच आपली स्थिती काही सेकंदांच्या अंतराने आपणहून पाठवत राहावी, अशी पद्धत रूढ होत आहे. तिचाही खर्च आहे : एका स्लाइसचे २०० घटक असतील, प्रत्येकाची ५० मापे घेतली जात असतील आणि ती दर दहा सेकंदांनी पाठवली जात असतील, तर सेकंदाला एक हजार आणि दिवसाला ८ कोटी ६४ लाख नोंदी जमतात. देखरेखीचाच भार सेवेवर पडू नये म्हणून सर्व काही सुरळीत असताना मापे विरळ घ्यावीत आणि गडबडीची चाहूल लागताच दाट करावीत, हा मार्ग व्यवहार्य ठरतो.

या नोंदी जुळवण्यासाठी सर्वांची घड्याळे जुळलेली असावी लागतात, आणि ही अट वाटते तितकी क्षुल्लक नाही. शिनोळीच्या टॉवरवरून निघालेला संदेश बेळगावला किती मिलिसेकंदांत पोहोचला हे मोजायचे तर निघण्याची वेळ एका घड्याळावर आणि पोहोचण्याची वेळ दुसऱ्या घड्याळावर लिहिली जाते. दोन घड्याळांत ३ मिलिसेकंदांचा फरक असेल तर तेवढाच फरक विलंबात मिसळतो, आणि एका टप्प्याचा दोष सहज दुसऱ्याच्या माथी बसतो. ५जीचे टॉवर स्वतः या बाबतीत अतिशय काटेकोर असतात, कारण एकाच पट्ट्यावर आळीपाळीने बोलणे आणि ऐकणे ही त्यांची पद्धत असल्यामुळे प्रत्येक टॉवरची वेळ सामायिक संदर्भवेळेशी एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपटीच्या आत जुळवावी लागते. रुग्णालयातील किंवा कारखान्यातील सर्व्हरची घड्याळे इतकी शिस्तीत नसतात, आणि साखळीचा कमकुवत दुवा बहुधा तेथेच सापडतो.

प्रत्येक हद्दीत देखरेखीचे साधन वेगळे असणे ही अडचण संशोधकांनी प्रथमपासून ओळखली. युरोपीय संघ आणि ब्राझील यांनी मिळून २०१७ साली हाती घेतलेल्या नेकॉस या प्रकल्पात क्लाउड नेटवर्क स्लाइस ही स्वतंत्र सेवा म्हणून कशी देता येईल याचा अभ्यास झाला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजसह स्पेन आणि ब्राझीलमधील विद्यापीठांचा त्यात सहभाग होता. एखाद्या ग्राहकाला हवी असलेली स्लाइस अनेक पुरवठादारांकडून तुकड्यातुकड्याने मिळवावी, तुकडे जोडून एकसंध करावी आणि ग्राहकाला ती एकच दिसावी, अशी त्यातील मांडणी आहे. देखरेखीसाठी त्यात एक मध्यस्थ थर कल्पिला आहे : प्रत्येक पुरवठादाराच्या साधनाशी त्याच्या भाषेत बोलणारे छोटे जोडक या थरात असतात, ते मिळालेली मापे समान नावांत आणि समान एककांत बदलतात, आणि वरच्या व्यवस्थापकाला संपूर्ण स्लाइसचे एकच चित्र देतात. स्लाइसमध्ये नवा तुकडा जोडला गेला की त्याचा जोडक आपोआप सुरू व्हावा आणि तुकडा काढला गेला की बंद व्हावा, ही त्यातली बाब दिसायला किरकोळ, पण व्यवहारात निर्णायक आहे. कारण क्लाउडवरील स्लाइस स्थिर नसते, गर्दीच्या वेळी ती फुगते आणि रात्री आकसते, आणि काल आखलेली देखरेख आजच्या स्लाइसला अपुरी पडते.

मध्यस्थ थर उभा करणे ही तांत्रिक बाजू झाली. त्याहून कठीण आहे तो विश्वासाचा प्रश्न. कोणतीही कंपनी आपल्या डेटा सेंटरची आतली रचना, किती सर्व्हर रिकामे आहेत, कोणत्या मार्गावर ताण आहे, हे प्रतिस्पर्ध्याला किंवा ग्राहकाला दाखवू इच्छीत नाही, आणि तिचा हा संकोच रास्त आहे. पाण्याच्या वाटपातही असेच असते : दूधगंगा प्रकल्पाच्या पाण्यात महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचा वाटा आहे. वाटा मान्य होण्यासाठी कोणत्याही राज्याला आपल्या प्रत्येक शेतातील पाटाचा हिशेब दुसऱ्याला द्यावा लागत नाही, परंतु हद्दीवर किती पाणी आले हे दोघांना मान्य असलेल्या मापाने मोजलेच जावे लागते. स्लाइसच्या देखरेखीतही हीच भूमिका योग्य आहे : हद्दीच्या आतले गुपित राहू द्यावे, पण हद्दीवरच्या नोंदी, म्हणजे माहिती केव्हा आत आली, केव्हा बाहेर पडली आणि किती गळाली, या दोन्ही बाजूंनी खुल्या कराव्यात. इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्लाइसविषयक चौकटीत वचनांचे दोन वर्ग केले आहेत : विलंब, क्षमता, गळती अशी ग्राहकाला थेट मोजता येणारी उद्दिष्टे, आणि सुरक्षितता किंवा माहिती अमुक प्रदेशाबाहेर न जाणे अशा, ग्राहकाला सहजी तपासता न येणाऱ्या अपेक्षा. दुसऱ्या वर्गासाठी मोजपट्टी पुरत नाही, तेथे लेखापरीक्षण आणि कायदा यांचाच आधार घ्यावा लागतो.

कायद्याचा विषय निघाला की सीमाभागाचे वेगळेपण पुन्हा ठळक होते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणाव निर्माण झाल्यावर तेथील इंटरनेट सेवा सरकारी आदेशाने काही काळ बंद ठेवण्यात आली होती. असा आदेश देण्याचा अधिकार राज्याच्या गृह खात्याकडे असतो आणि त्याची व्याप्ती राज्याच्या सीमेवर थांबते. रेडिओलहरी मात्र तेथे थांबत नाहीत. अशा वेळी दोन्ही राज्यांत पसरलेल्या स्लाइसच्या देखरेख-पडद्यावर पलीकडच्या टॉवरांचे आकडे एकदम शून्यावर येतील, आणि ते फायबर तुटल्यामुळे आले, वीज गेल्यामुळे आले की आदेशामुळे, हे केवळ आकड्यांवरून समजणार नाही. देखरेखीच्या नोंदीत आकड्याबरोबर कारणाचीही जागा असली पाहिजे आणि ते कारण हद्दीपलीकडे कळवले गेले पाहिजे, नाहीतर स्वयंचलित व्यवस्था बिघाड समजून अलीकडच्या टॉवरांवर भार टाकील आणि चांगली चाललेली सेवाही खिळखिळी करील.

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेनेही मोजमापाकडे अधिक बारकाईने पाहण्यास आरंभ केला आहे. ट्रायने २ ऑगस्ट २०२४ रोजी जारी केलेल्या सेवागुणवत्तेच्या नियमावलीत मोबाइल सेवेचे मूल्यमापन तीन महिन्यांच्या सरासरीवरून टप्प्याटप्प्याने एका महिन्यावर आणले, आणि एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ ठप्प राहिल्यास पोस्टपेड ग्राहकाला भाड्यात सूट आणि प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ देण्याची तरतूद केली. ग्राहकाच्या दृष्टीने ही स्वागतार्ह पावले आहेत. परंतु जिल्हा हे एकक सीमेवरच्या माणसाला पुरे पडत नाही : कोगनोळीतील ग्राहक बेळगाव जिल्ह्याचा असतो, त्याच्या फोनला आधार देणारा टॉवर पुलापलीकडे कोल्हापूर जिल्ह्यातील असू शकतो, आणि तो टॉवर बंद पडला तर बेळगाव जिल्ह्याच्या सरासरीत त्याची नोंदही उमटत नाही. स्लाइसचे मोजमाप जिल्ह्याच्या किंवा सर्कलच्या नावाने न होता सेवेच्या नावाने, तिच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हावे, हा आग्रह म्हणूनच सीमाभागाने धरायला हवा.

या आग्रहाला प्रयोगाची जोड देण्याची सामग्री बेळगाव परिसरात हाताशी आहे. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय १९९८ पासून बेळगावात आहे. हत्तरगीजवळ एकस कंपनीच्या विशेष आर्थिक क्षेत्रात विमानांचे सुटे भाग बनतात. ओतकामाचे कारखाने उद्यमबागेत आहेत तसे कोल्हापुरातही आहेत, आणि शिनोळीची औद्योगिक वसाहत तर हद्दीला लागूनच आहे. कागल ते हत्तरगी हा महामार्गाचा पट्टा किंवा शिनोळी ते बेळगाव हा रस्ता चाचणीसाठी घेऊन, दोन्ही सर्कलमधील एका स्लाइसची मापे समान एककांत, जुळलेल्या घड्याळांवर आणि हद्दीच्या दोन्ही बाजूंनी काही महिने नोंदवता येतील. सुरुवातीला मोजकी मापे पुरेत : टॉवर बदलताना किती मिलिसेकंदांचा खंड पडला, बदलानंतर स्लाइसला तिचा राखीव हिस्सा लगेच मिळाला की काही सेकंद ती सर्वसाधारण गर्दीत ढकलली गेली, वीज गेल्यावर कोणत्या टॉवरची बॅटरी किती टिकली, आणि या प्रत्येक घटनेची नोंद पलीकडच्या व्यवस्थापकापर्यंत किती वेळात पोहोचली. यांपैकी शेवटचे माप आज कोणत्याही नियमावलीत मागितले जात नाही, आणि चाचणीच्या अहवालात पहिला रकाना त्याचाच असावा.